लहरींचे रणांगण
(नभोवाणी-भाषण)

युद्ध म्हटले की तलवार, तोफ, रणगाडा आणि विमान हीच आपल्या डोळ्यांसमोर उभी राहतात. परंतु ज्यांनी युद्धे जिंकली त्यांनी शत्रूच्या बाहुबळाइतकेच लक्ष त्याच्या कानांकडे आणि जिभेकडे दिलेले आहे. अश्वत्थामा पडल्याची वार्ता कानी आली आणि द्रोणाचार्यांनी शस्त्र खाली ठेवले. बाण लागण्यापूर्वीच एका अर्धसत्याने त्यांना जिंकले होते. उलट, महाराज विशाळगडी सुखरूप पोहोचल्याची वर्दी देणाऱ्या तोफा ऐकू येईपर्यंत १६६० साली बाजीप्रभूंनी खिंडीत प्राण रोखून धरले, ही कथा महाराष्ट्रात घरोघर सांगितली जाते. एके ठिकाणी खोट्या निरोपाने वीर ढळला, दुसऱ्या ठिकाणी खऱ्या निरोपासाठी वीर थांबला. निरोप हेही एक शस्त्र आहे, आणि ते फार जुने आहे.

आजकाल ‘सायबर युद्ध’, ‘लेझर अस्त्र’, ‘सूक्ष्मलहरींचा मारा’ असे शब्द वृत्तपत्रांतून वरचेवर आपल्यासमोर येतात. ते वाचताना हा सारा परदेशच्या प्रयोगशाळांतील मामला आहे, असे सामान्य वाचकास वाटते. वस्तुतः या विद्येचा एक मोठा बोधप्रद पाठ आपल्या अगदी शेजारी, गोमंतकात, पेडणे आणि डिचोली या दोन तालुक्यांच्या सरहद्दीवर १९५५ ते १९६१ या सहा वर्षांत घडून गेला आहे. तोच आज मी आपणांसमोर ठेवणार आहे.

प्रथम लहरींविषयी दोन शब्द. नभोवाणीची लहर, स्वयंपाकघरातील मायक्रोवेव्ह भट्टीची सूक्ष्मलहर आणि दिव्याचा प्रकाश ही तिन्ही एकाच कुळातील भावंडे आहेत. लहर विरळ पसरली म्हणजे ती निरोप वाहते. तीच एका ठिकाणी एकवटली म्हणजे जाळते. अंगणातील कोवळे ऊन आणि भिंगाखाली धरलेले ऊन यांत जो फरक, तोच येथेही आहे. लहरींशी लढण्याचे मार्गही त्यावरूनच निघतात. शत्रूची लहर ऐकावी, तिच्यावर आपला गोंगाट घालून ती बुडवावी, तिच्यात खोटा निरोप मिसळावा, अथवा ती पाठविणारे यंत्रच नष्ट करावे. रशिया-जपान युद्धात १९०४ च्या एप्रिल महिन्यात पोर्ट आर्थर बंदरावर जपानी जहाजे तोफा डागीत असता, नेम सुधारण्यासाठी त्यांना मिळणारे बिनतारी संदेश रशियन तारायंत्र्यांनी आपल्या ठिणग्यांच्या गोंगाटाने बुडवून टाकले. विजेच्या लहरींचे युद्ध तेव्हापासून सुरू झाले असे म्हणावयास हरकत नाही.

आता गोमंतकाकडे वळू. पेडणे आणि डिचोली हे प्रदेश पोर्तुगिजांच्या ‘नव्या काबिजादी’तले. अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात ते सावंतवाडीकर भोसल्यांकडून कायमचे पोर्तुगिजांकडे गेले. त्यामुळे सरहद्दीच्या अलीकडे आणि पलीकडे भाषा एक, कुळे एक, दैवते एक. मध्ये फक्त चौकी निराळी. या चौकीने माणसांवर आणि मालावर पहारा ठेवला. पण तिचा खरा पहारा होता तो शब्दावर. सालाझार यांच्या राजवटीत गोमंतकातील प्रत्येक छापील अक्षर सरकारी तपासनिसाच्या नजरेखालून जात असे. साध्या लग्नपत्रिकेलाही त्याची संमती लागे. १८ जून १९४६ रोजी डॉ. राममनोहर लोहिया यांनी मडगावात सभेला उभे राहून जो कायदा मोडला, तो मूलतः बोलण्याच्या बंदीचाच कायदा होता.

पुढे सत्याग्रह झाले. १५ ऑगस्ट १९५४ रोजी आल्फ्रेड आफोन्सो यांच्या नेतृत्वाखालील तुकडीने पेडणे तालुक्याच्या टोकावरील तेरेखोलच्या किल्ल्यावर तिरंगा चढविला. पुढल्या वर्षी त्याच दिवशी देशाच्या निरनिराळ्या प्रांतांतून आलेले सत्याग्रही नि:शस्त्र सरहद्द ओलांडू लागले, तेव्हा पोर्तुगीज सैनिकांनी त्यांच्यावर गोळ्या झाडल्या. पेडणे तालुक्यातील पत्रादेवी येथे पंजाबचे कर्नैलसिंग धारातीर्थी पडले. या हत्याकांडानंतर भारत सरकारने सामुदायिक सत्याग्रहास मनाई केली, वकिलाती बंद झाल्या, आर्थिक नाकेबंदी कडक झाली. सरहद्द दोन्ही बाजूंनी मिटली. आत राहणाऱ्या माणसाला बाहेरच्या जगाची खबर मिळावी कशी, हा प्रश्न उरला.

त्याचे उत्तर सह्याद्रीच्या माथ्यावरून आले. २५ नोव्हेंबर १९५५ रोजी आंबोलीच्या रानातून एक गुप्त नभोवाणी केंद्र बोलू लागले. कोकणीत त्याचे नाव ‘गोंयचे सोडवणेचो आवाज’ आणि पोर्तुगीजमध्ये ‘व्हॉज दा लिबेर्दाद’, म्हणजे मुक्तीचा आवाज. ते चालविणारी मंडळी थोडी. त्यांत शेवटपर्यंत टिकून राहिले ते वामन सरदेसाई आणि लिबिया लोबो हे दोघे. दादरा आणि नगर हवेली १९५४ साली मुक्त झाली, तेव्हा पोर्तुगिजांचे जे बिनतारी संच हाती लागले, त्यांतून या केंद्राचे यंत्र सिद्ध झाले, असे सांगतात. शत्रूच्याच यंत्राने शत्रूच्या मौनाचा भंग करावा, हा योग विलक्षण खरा. ही यंत्रसामग्री एका मालमोटारीवर चढविलेली होती. आंबोलीचा धो धो पाऊस, जळवा, साप आणि एकांत यांच्या सोबतीने हे काम चालले. पुढे केंद्र कॅसलरॉकच्या बाजूच्या अरण्यात हलले. पण १९६१ च्या डिसेंबरपर्यंत ते थांबले नाही.

नकाशा समोर धरला तर या जागेचे मर्म ध्यानात येते. आंबोली समुद्रसपाटीपासून सुमारे ७०० मीटर उंचीवर आहे आणि तिच्या पायथ्याशी सावंतवाडी, त्यापलीकडे पेडणे आणि डिचोली. पत्रादेवीच्या चौकीवर ज्या देहांना गोळी अडवीत होती, त्यांचा शब्द या घाटमाथ्यावरून चौकीच्या डोक्यावरून सरळ पलीकडे जात होता. तो शब्द काय सांगे? भारताच्या संसदेत गोव्याविषयी काय बोलले गेले, आफ्रिकेतील पोर्तुगीज वसाहतींत काय घडत आहे, लिस्बनने केलेल्या कोणत्या दाव्यात तथ्य नाही. यात कोणतेही जादूचे शस्त्र नव्हते. पोर्तुगिजांजवळ ‘एमिसोरा द गोवा’ हे स्वतःचे सुसज्ज नभोवाणी केंद्र होते. परंतु जेथे अधिकृत आवाज एकच असतो आणि तोही तपासून घेतलेला, तेथे लोक दुसऱ्या आवाजासाठी कान टवकारून बसतात. रानातल्या त्या क्षीण यंत्राचे बळ त्याच्या विद्युत्शक्तीत नव्हते. ऐकणाऱ्याच्या विश्वासात होते.

आता १९६१ चा डिसेंबर. गोमंतकाच्या मुक्तीसाठी लष्करी कारवाईचा निर्णय झाला. दक्षिण विभागाचे प्रमुख लेफ्टनंट जनरल जयंतनाथ चौधरी, १७ व्या डिव्हिजनचे मेजर जनरल कँडेथ आणि ५० व्या पॅराशूट ब्रिगेडचे ब्रिगेडियर सगतसिंग हे भूदलाचे सूत्रधार. विमानदलाच्या हालचाली एअर व्हाइस मार्शल अर्लिक पिंटो यांच्या हाती. या मोहिमेची कथा आपण ‘छत्तीस तासांची मोहीम’ म्हणून ऐकलेली असते. आज तिच्याकडे केवळ निरोपांच्या दृष्टीने पाहू.

पहिली चकमक झाली ती डिचोली तालुक्यात. १७ डिसेंबरच्या सकाळी भारतीय तुकड्यांनी दोडामार्गलगतचे मावळिंगे हे गाव ताब्यात घेतले. दोन पोर्तुगीज सैनिक ठार झाले. जवळच असलेल्या पोर्तुगीज टेहळणी पथकाने प्रतिकाराची अनुज्ञा मागितली. ती दुपारी नाकारण्यात आली. इतकेच नव्हे, तर यापुढे सर्व हुकूम मुख्य ठाण्यातूनच थेट सुटतील, मधल्या ठाण्यांनी काही ठरवू नये, असा फतवा त्याच दुपारी निघाला. परिणाम व्हायचा तोच झाला: कोणी कोणाचे ऐकावयाचे याचा गोंधळ उडाला. सैन्याची सारी बुद्धी एका ठिकाणी गोळा करून ठेवली म्हणजे बाकीचे शरीर हुकमाची वाट पाहत बसते. ही चूक कोणत्याही शत्रूने लादलेली नव्हती.

खोट्या वार्तेचा अनुभव मात्र याच रात्री आपल्या बाजूलाही आला. सरहद्दीच्या दक्षिणेला पोर्तुगिजांनी जड रणगाडे आणून ठेवले आहेत, अशी खबर भारतीय सैन्याकडे होती. त्या आधारावर १८ डिसेंबरच्या पहाटे ४ वाजता तोफखान्याने मारा सुरू केला आणि साडेचारच्या सुमारास डिचोली तोफांच्या टप्प्यात आली. खबर चुकीची होती, रणगाडे नव्हतेच. तोफ डागणारे हात निष्णात होते, यंत्रे निर्दोष होती. फक्त निरोप खोटा होता. एवढे एकच उदाहरण सायबर युद्धाविषयीच्या अनेक ग्रंथांचे काम करील. चुकीच्या माहितीवर चालणारे उत्तम शस्त्र चुकीच्या जागी उत्तम काम करते, आणि त्या जागी माणसे राहत असतात.

पोर्तुगिजांनी माघार घेताना डिचोलीचा पूल उडविला. पाठोपाठ पेडणे आणि बारदेश यांना जोडणारा शापोरा नदीवरील कोलवाळचा पूल आणि अस्नोड्याचा पूल गेला. पेडण्याचा राजधानीकडे जाणारा रस्ता तुटला. तरीही सगतसिंगांच्या ब्रिगेडचे तीन प्रवाह पुढे सरकत राहिले. दुसरी पॅरा मराठा पलटण फोंड्याच्या रोखाने, पहिली पॅरा पंजाब बाणस्तारीच्या वाटेने, आणि शीख लाइट इन्फंट्रीची दुसरी पलटण चिलखती गाड्यांसह थिवीकडून. सायंकाळी हा तिसरा प्रवाह मांडवीकाठी बेतीला पोहोचला. समोर नदीपलीकडे पणजी दिसत होती.

पूल उडविणे हे जुने युद्ध झाले. त्याच सकाळी आकाशात नवे युद्ध चालू होते. पुण्याहून आलेल्या १२ कॅनबेरा विमानांनी दाबोळीची धावपट्टी उखडली. दुसरे लक्ष्य होते बांबोळीचे बिनतारी केंद्र. बेळगावजवळच्या सांब्र्याहून उडालेल्या ६ हंटर विमानांनी अग्निबाण आणि तोफांच्या माऱ्याने ते निकामी केले. लिस्बनशी बोलणारा गोमंतकातील पोर्तुगीज सत्तेचा कंठ अशा रीतीने पहिल्याच सकाळी बंद झाला.

किनाऱ्यावरील यंत्रे गेल्यावर लिस्बनशी बोलण्याचे काम मुरगाव बंदरातील ‘आफोंसो द आल्बुकेर्क’ या युद्धनौकेवर येऊन पडले. दुपारी ‘बेटवा’ आणि ‘बियास’ या भारतीय युद्धनौका ‘कावेरी’च्या पाठबळाने बंदरात शिरल्या. त्यांच्या तोफा चालू होत्या आणि दोन फैरींच्या मधल्या अवकाशात मोर्सच्या सांकेतिक लिपीत शरण येण्याची सूचनाही चालू होती. एकाच क्षणी गोळा आणि निरोप! त्या माऱ्यात पोर्तुगीज जहाजाचा बिनतारी अधिकारी मृत्यू पावला, कप्तान आरागाँव गंभीर जखमी झाले, आणि अखेर जहाज दोनापावलाच्या बाजूला किनाऱ्यास लावण्यात आले. ज्याच्या हाती शेवटचा तार होता तोच माणूस पडला, ही गोष्ट मोहिमेच्या वृत्तांतात एका ओळीत येते. पण लहरींच्या युद्धाचे सारे मर्म, आणि त्याची मानवी किंमतही, त्या ओळीत आहे.

लिस्बनहून सालाझार यांनी आधीच आज्ञा धाडली होती की शरण जाऊ नये, अखेरपर्यंत लढावे. गव्हर्नर-जनरल व्हासालो ई सिल्वा यांनी ती पाळली नाही. १९ डिसेंबरच्या रात्री त्यांनी शरणागतीवर सही केली आणि सहस्रावधी जीव वाचले. पोर्तुगालमध्ये त्यांना त्याबद्दल अवमान सोसावा लागला. हुकूम पोहोचला म्हणजे तो पाळला जातोच असे नाही. मध्ये माणसाची विवेकबुद्धी उभी असते. यंत्रांच्या युद्धाचा विचार करताना ही गोष्ट विसरता कामा नये.

सांकेतिक भाषेविषयी एक आख्यायिकाही या काळात रूढ झाली. गोव्याच्या पोर्तुगीज ठाण्याने रणगाडाविरोधी गोळ्यांची मागणी गुप्तपणे करण्यासाठी त्यांना ‘शोरीस’, म्हणजे मांसाच्या मसालेदार माळा, असे नाव दिले होते. लिस्बनने तो शब्द अक्षरशः घेतला आणि खरोखरीच्या शोरीस धाडल्या, असे सांगतात. कथेत मीठमसाला किती, हा भाग सोडून द्या. परंतु शत्रूपासून निरोप लपविताना तो मित्रापासूनही लपला जाण्याचा धोका आजच्या संगणकी कुलपांनाही चुकलेला नाही.

मुक्ती झाली आणि रानातल्या त्या आवाजाचे काम संपले. वामन सरदेसाई आणि लिबिया लोबो विमानदलाच्या विमानात बसले. त्याला ध्वनिक्षेपक लावलेला होता. गोमंतकाच्या गावांवरून फिरत, पत्रके टाकीत, त्यांनी कोकणी आणि पोर्तुगीज भाषांत लोकांना स्वातंत्र्याची वार्ता दिली. सहा वर्षे ज्या भूमीवर त्यांचा केवळ आवाज उतरला होता, तिच्यावरून आता ती दोघे स्वतः जात होती. लिबिया लोबो-सरदेसाई यांना २०२५ साली, वयाची शंभरी गाठल्यावर, पद्मश्री जाहीर झाली.

श्रोतेहो, बांबोळीच्या त्या सकाळीनंतर सातच महिन्यांनी, १९६२ च्या जुलैमध्ये, अमेरिकेने पॅसिफिक महासागरावर सुमारे ४०० किलोमीटर उंचीवर अणुस्फोट केला. तेथून सुमारे १,४०० किलोमीटर दूर असलेल्या हवाई बेटांवर रस्त्यावरील दिव्यांच्या माळा विझल्या. काही उपग्रहही पुढे निकामी झाले. न दिसणाऱ्या लहरीच्या एका धक्क्याने विजेची यंत्रे मरू शकतात, हे जगाला कळले. अणुस्फोटावाचून तोच परिणाम साधावा या हेतूने संशोधन चालू राहिले. २०१२ च्या ऑक्टोबरमध्ये अमेरिकेत युटाच्या वाळवंटावरून उडविलेल्या एका क्षेपणास्त्राने सूक्ष्मलहरींचा झोत सोडून खालच्या इमारतीतील संगणक बंद पाडले. इमारतीची वीटही हलली नाही. लेझरचा प्रकाशझोतही याच मार्गाने आला. २०१४ साली इराणच्या आखातात अमेरिकेच्या ‘पॉन्स’ या नौकेवर सुमारे ३० किलोवॅटचे लेझर अस्त्र बसविले गेले. १३ एप्रिल २०२५ रोजी आपल्या संरक्षण संशोधन संस्थेने आंध्रातील कर्नूलजवळ ३० किलोवॅटच्या लेझर अस्त्राने वैमानिकरहित विमान पाडून दाखविले. घरच्या तीस इस्त्र्यांची उष्णता एका लहानशा ठिपक्यावर दूरवरून एकवटावी, तसा हा प्रकार.

सायबर हल्ला तर झोताचीही अपेक्षा ठेवीत नाही. २४ फेब्रुवारी २०२२ रोजी रशियाचे सैन्य युक्रेनमध्ये शिरण्यापूर्वी सुमारे एक तास, उपग्रहामार्फत चालणाऱ्या एका दळणवळण-जालात घातक आज्ञावली सोडण्यात आली आणि हजारो संच मुके झाले. त्याच घावात दूर जर्मनीतील सुमारे ५,८०० पवनचक्क्यांचा त्यांच्या नियंत्रकांशी असलेला संपर्क तुटला. बांबोळी आणि हा प्रसंग शेजारी ठेवून पाहा. दोन्हींत पहाटेची वेळ, दोन्हींत पहिला घाव जिभेवर. १९६१ साली त्यासाठी ६ विमाने लागली. २०२२ साली काही ओळींची आज्ञावली पुरली. मात्र अग्निबाण बांबोळीवर पडला तो बांबोळीवरच थांबला. नव्या शस्त्राला सरहद्द ठाऊक नाही.

या शस्त्रांच्या मर्यादाही आहेत. लेझरला समोर स्वच्छ दृष्टी लागते. आंबोलीच्या धुक्यात किंवा आषाढातल्या कोकणी पावसात त्याचा झोत विखुरतो. सूक्ष्मलहर अंतर वाढेल तशी झपाट्याने क्षीण होते, आणि ती निवड करीत नाही. शत्रूच्या रडारशेजारी रुग्णालय असेल तर तेथील यंत्रांनाही ती सोडणार नाही. माणसाला कायमचे अंध करण्यासाठीच बनविलेल्या लेझर शस्त्रांवर १९९५ च्या आंतरराष्ट्रीय करारान्वये बंदी आहे. परंतु यंत्रांना आंधळे आणि बहिरे करण्याविषयीचे नियम अद्याप अपुरे आहेत. आणि यंत्र आंधळे झाले की त्याच्या भरवशावर असलेला माणूस संकटात येतो.

ही गोष्ट पेडण्याला आता परकी राहिलेली नाही. पत्रादेवीचे हुतात्मा स्मारक ज्या तालुक्यात आहे, त्याच तालुक्यातील मोपाच्या पठारावर माजी संरक्षणमंत्री मनोहर पर्रीकर यांच्या नावाचा विमानतळ आहे. तेथून ५ जानेवारी २०२३ पासून प्रवासी विमाने ये-जा करू लागली. पावसाळी रात्री तेथे उतरणारा वैमानिक उपग्रहाच्या, रडारच्या आणि धावपट्टीच्या लहरींवर विसंबून शेकडो प्रवाशांना खाली आणतो. उपग्रहाचे दिशादर्शन बुडविण्याचे किंवा खोटे ठरविण्याचे प्रकार अमृतसर आणि जम्मूच्या परिसरात आढळल्याचे केंद्र सरकारने २०२५ साली लोकसभेत सांगितले आहे. म्हणजे १९५५ साली जी लहर सरहद्दीवरील रेडिओ ऐकणाऱ्या मूठभरांची होती, ती आज प्रत्येकाच्या प्रवासाची, पेढीची, दवाखान्याची झालेली आहे. लहरींच्या रणांगणात नागरिक आता मध्यभागी उभा आहे.

मग गोमंतकाचा इतिहास आपणांस काय शिकवितो? पहिले हे की, सारा कारभार एका कंठावर सोपवू नये. मावळिंग्याच्या पथकाला हात बांधून बसविणारा तो फतवा आणि बांबोळीचे एकुलते केंद्र ही एकाच दोषाची दोन रूपे होत. विमानतळ असो, वीजमंडळ असो वा दवाखाना असो, एक वाट बंद पडली तर दुसरी मोकळी हवी, आणि जागेवरच्या माणसाला निर्णयाची मुभा हवी. दुसरे हे की, वार्ता हाती आली म्हणजे ती खरी आहे का, हे तोफ डागण्यापूर्वी पाहावे; डिचोलीच्या त्या पहाटेचे रणगाडे आज कोणाच्याही हातातील दूरध्वनीवर क्षणात उभे करता येतात.

आणि तिसरे, जे मला सर्वांत मोलाचे वाटते. बांबोळीचे केंद्र बलाढ्य होते, ते एका सकाळी मुके झाले. आंबोलीच्या रानातील यंत्र दुबळे होते, ते सहा वर्षे बोलत राहिले, कारण ज्यांच्यासाठी ते बोलत होते त्यांचा त्याच्यावर विश्वास होता. यंत्र जाळता येते, लहर बुडविता येते, संच मुका करता येतो. लोकांचा विश्वास मात्र त्यांचे स्वतःचेच राज्यकर्ते घालवू शकतात. पोर्तुगीज तपासनिसाने लग्नपत्रिकांवर शिक्के मारता मारता तो घालविला होता. लेझर आणि संगणक यांची तयारी देशाने अवश्य करावी. त्याबरोबरच संकटाच्या प्रहरी सरकारने सांगितलेली बातमी लोकांना खरी वाटावी, अशी सवय शांततेच्या काळातच लावून ठेवावी. ती ऐन वेळी कोणत्याही कारखान्यात तयार करून मिळत नाही.